शिमगा ते गणपती: पडवीतल्या गाडीचं पेट्रोल

मालक मुंबईला आणि मोटरसायकल गावाला, असं एखादं घर कोकणातल्या प्रत्येक वाडीत सापडतं. मे महिन्याची सुट्टी संपली की गाडी पडवीत नाहीतर गोठ्याच्या वळचणीला उभी राहते. गणपतीला चाकरमानी आला की बाहेर निघते, बाजार, पाहुणे, विसर्जन उरकते आणि पुन्हा शिमग्यापर्यंत गोणपाटाखाली जाते. वर्षाकाठी ती हजार किलोमीटरही चालत नाही. अशा उभ्या गाड्यांची दुखणी अलीकडे बदलली आहेत, असं गॅरेजवाले सांगतात आणि टाकीतल्या पेट्रोलमध्ये मिसळलेल्या इथेनॉलकडे बोट दाखवतात. ज्याचं आयुष्य इथेनॉल तयार करण्यात गेलं त्याला यावर काय म्हणायचं आहे, हे मला ऐकायचं होतं. साखरप्याच्या बाजूला एका गॅरेजात ही दोन माणसं समोरासमोर बसली.

मेस्त्री पन्नाशीचे. हाताखाली एक पोरगा, पत्र्याची शेड, दारात ओळीनं उभ्या गाड्या. काका त्यांच्याहून बरेच मोठे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका सहकारी साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत केमिस्ट होते. निवृत्तीनंतर बायकोच्या माहेरची आंब्याची बाग बघायला आंबा घाट उतरून इकडे येतात. दोघांचं बोलणं मांडताना मी माझं मतही लपवलेलं नाही.

मेस्त्री : गणपतीच्या आधी माझ्याकडे रांग लागते, काका. पूर्वीही लागायची. पण पूर्वी प्लग साफ केला, बॅटरी चार्ज केली, चाकात हवा मारली, की निम्म्या गाड्या घरी जायच्या. आता ज्याची त्याची कार्बेटर खोलायची पाळी. पोरानं मे महिन्यात चालती गाडी ठेवलान नि गेला; आता किक मारून मारून पाय सुजतो, गाडी काय उठत नाही.

काका : आणि दोष इथेनॉलचा.

मेस्त्री : दुसऱ्या कोणाचा? गाडी तीच, पडवी तीच, पाऊस तोच. बदललंय ते पेट्रोल.

काका : तेही एका रात्रीत बदललं नाही. २००१ साली ५ टक्के इथेनॉल मिसळायचे पहिले प्रयोग झाले, तेच मुळी आपल्याकडे, मिरज आणि मनमाडला. तिसरा उत्तर प्रदेशात. २००३ पासून ५ टक्क्यांचं पेट्रोल पंपावर यायला लागलं. म्हणजे तुमच्या या शेडमध्ये इथेनॉल वीस वर्षांहून जास्त काळ येतंय.

मेस्त्री : पाच टक्के नि वीस टक्के सारखेच का?

काका : सारखे नाहीत. २०२२ च्या जूनमध्ये देशाची सरासरी १० टक्क्यांवर आली, २०२३ च्या फेब्रुवारीत २० टक्क्यांचं पेट्रोल विकायला सुरुवात झाली आणि २०२५ मध्ये बहुतेक सगळीकडे तेच झालं. आधी हे २०३० पर्यंत करायचं ठरलं होतं. दहावरून वीसवर आपण फार झपाट्यानं गेलो, हे मी नाकारत नाही.

काकांचा जीव इथेनॉलमध्ये का आहे, हे त्यांनी आडवळणानं सांगितलं नाही. साखर गोदामात पडून राहते, दर पडतात, कारखान्याकडे पैसा नसतो आणि ऊस घातलेल्या शेतकऱ्याचं बिल थकतं, हे त्यांनी वर्षानुवर्षं पाहिलं. इथेनॉलचा दर सरकार आधी जाहीर करतं: २०२४-२५ च्या हंगामात बी-हेवी (थोडी साखर शिल्लक असलेल्या) मळीपासूनच्या इथेनॉलला लिटरला ६०.७३ रुपये, थेट रसापासूनच्या इथेनॉलला ६५.६१ रुपये होता. तेलकंपन्या माल उचलतात आणि पैसे वेळेवर येतात. "माझ्या कारखान्यात ज्या वर्षी इथेनॉलचे पैसे आले, त्या वर्षी ऊसबिलासाठी मोर्चा आला नाही," असं ते म्हणाले तेव्हा मेस्त्री गप्प राहिले. त्यांचीही बहीण वारणेच्या खोऱ्यात दिलेली आहे. म्हणजे इथे शेतकऱ्याच्या बाजूचा आणि त्याच्या विरुद्धचा, अशी दोन माणसं नव्हती. वाद होता तो पडवीतल्या गाडीचा.

मायलेजचा मुद्दा दोघांनी पटकन संपवला. एक लिटर इथेनॉलमध्ये एक लिटर पेट्रोलपेक्षा साधारण तिसऱ्या हिश्श्यानं ऊर्जा कमी असते, त्यामुळे गाडी थोडी कमी पळणारच. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात जुन्या पद्धतीच्या दुचाकींसाठी ३ ते ४ टक्क्यांची घट धरली आहे. पण जी गाडी चालतच नाही तिला मायलेजचं काय!

मेस्त्रींनी मग नुकत्या उघडलेल्या दोन कार्बोरेटरच्या वाट्या पुढे केल्या.

मेस्त्री : ही बघा. तळाला तपकिरी चिकटा, वार्निश फासल्यासारखा. हे पूर्वीपासून बघत आलो. आणि ही दुसरी. पांढरी भुकटी, हाताला खरखरीत, खाली धातूला बारीक खड्डे. ही पूर्वी क्वचित दिसायची. आता एकाच वाटीत दोन्ही. पाइप फुगून कॉकवर सैल होतो. वाटीत येणारं पेट्रोल अडवणाऱ्या नीडलच्या टोकाचं रबर नरम पडून सीटला चिकटतं, मग पेट्रोल खाली उतरत नाही. नाहीतर नीडल नीट बसत नाही आणि ओव्हरफ्लोच्या नळीतून पेट्रोल पडवीभर.

काका : दोन्ही घाणी वेगळ्या ठेवू. तपकिरी चिकटा पेट्रोलचा. हलके घटक उडून जातात, उरलेल्यातले काही हवेतल्या ऑक्सिजनशी जुळतात आणि त्याचा डिंक होतो. इथेनॉलचा थेंब नसता तरी झाला असता. तुमचा स्लो जेट कशानं बुजतो?

मेस्त्री : बहुतेक या चिकट्यानं. त्याचं भोक अर्ध्या मिलिमीटरचंही नसतं. म्हणून तर चोक ओढला की गाडी उठते आणि चोक सोडला की बंद पडते. स्लो जेट गेला, हे आवाजावरून कळतं.

काका : मग तेवढा दोष इथेनॉलच्या खात्यातून वजा करा. पांढरी भुकटी मात्र धातू, पाणी आणि इथेनॉल एकत्र आल्याची आहे. इथेनॉल कोरडं असेल तर धातूला फार छळत नाही, ओलं झालं की छळतं. आणि ओलं व्हायची त्याला ओढ किती, ते आम्हाला विचारा. डिस्टिलरीत ते कितीही वेळा उकळून थंड केलं तरी ९५-९६ टक्क्यांच्या पुढे शुद्ध होत नाही. शेवटचं चार-पाच टक्के पाणी त्याला सोडतच नाही. ते काढायला वाफ पाणी शोषून घेणाऱ्या मॉलिक्युलर सीव्हमधून न्यावी लागते. साडेनव्व्याण्णव टक्क्यांवर गेलं की मगच ते पेट्रोलमध्ये मिसळायच्या लायकीचं होतं. एवढ्या खटाटोपानं काढलेलं पाणी ते संधी मिळाली की परत ओढतं. पावसाळ्यात उघड्या बरणीतलं मीठ पाझरतं, तसंच.

मेस्त्री : म्हणजे मी म्हणतो तेच झालं.

काका : अर्धं. बंद झाकणाच्या टाकीत नुसत्या हवेतून पाणी यायला फार वेळ लागतो. झाकणाच्या श्वासाच्या भोकातून दिवसा थोडी हवा बाहेर, रात्री थोडी आत, त्यातून येईल ते येईल. तुमच्याकडे येणाऱ्या गाड्यांत पाणी जास्त दिसतं, ते हवेतून आलेलं नसणार.

या ठिकाणी मेस्त्रींनी जे सांगितलं ते मला सगळ्या बोलण्यातलं सर्वात उपयोगी वाटलं. टाकीच्या झाकणाभोवती जी खोबण असते, तिच्यात पावसाचं पाणी साचू नये म्हणून एक बारीक भोक असतं आणि तिथून नळी खाली उतरते. उभ्या गाडीत त्या भोकात पालापाचोळा बसतो, नाहीतर कुंभारमाशी त्यात माती भरून घर करते. भोक बुजलं की खोबणीत पाणी तळ्यासारखं उभं राहतं. झाकणाखालचं रबर कडक झालेलं असतं, त्याच्या कडेनं ते पाणी थेंब थेंब टाकीत उतरतं. त्यात गाडी साइड स्टँडवर तिरकी असेल तर पाणी एकाच बाजूला साचतं. पडवीत गाडी कोरडी राहते असं आपण समजतो, पण जुलैतल्या कोकणी पावसाची झड पडवीत किती आतवर येते, हे इथल्या माणसाला सांगायला नको.

मेस्त्री : मी पहिल्यांदा झाकण उघडून ते भोक बघतो. तारेनं मोकळं करतो आणि वर पाणी ओतून खाली उतरतंय का पाहतो. कार्बेटर नंतर.

काका : हे तुम्ही गाडी ठेवायला येणाऱ्याला सांगता?

मेस्त्री : ठेवायला कोण येतो? सगळे उठवायला येतात.

काकांनी मग पेट्रोल बिघडायला किती पाणी पुरतं त्याचा हिशेब मांडला. १० टक्के इथेनॉलचं पेट्रोल थंडीच्या तापमानाला साधारण अर्धा टक्का पाणी पोटात ठेवू शकतं. दहा लिटरमध्ये पन्नास मिली; चहाचा कटिंग ग्लासही भरणार नाही. तेवढं होईपर्यंत पाणी पेट्रोलमध्ये विरघळून राहतं आणि गाडीबरोबर जळूनही जातं. त्यापुढे गेलं, किंवा तापमान एकदम उतरलं, की पाणी एकटं खाली बसत नाही. बरंचसं इथेनॉलही सोबत घेऊन खाली बसतं. तळाला पाणी-इथेनॉलचा थर, वर उरलेलं पेट्रोल. इथेनॉलचा ऑक्टेन मोठा असतो. ते खाली गेलं म्हणजे वरच्या पेट्रोलचा ऑक्टेनही उतरला. आणि इंजिनाला पेट्रोल जातं ते टाकीच्या तळातून.

काका : आता एक गोष्ट तुमच्या बाजूची नाही, तरी ऐका. २० टक्क्यांचं पेट्रोल १० टक्क्यांच्या पेट्रोलपेक्षा जास्त पाणी सामावून घेतं. म्हणजे थर वेगळे व्हायला जास्त पाणी लागतं. आणि शुद्ध पेट्रोल तर पाणी जवळजवळ घेतच नाही. तुमच्या वडिलांच्या काळात पाणी सरळ तळाला बसायचं आणि टाकी तिथून गंजायची. जुन्या राजदूतच्या टाक्या आठवा.

मेस्त्री : आठवतात. पण तेव्हा कॉक उघडून तळाचं कपभर पाणी सोडलं की वरचं पेट्रोल चांगलं निघायचं, गाडी त्याच्यावर चालायची. आता थर वेगळा झाला की खालचं तर जातंच, वरचंही कामाचं राहत नाही. टाकीभर माल फुकट. गरीब माणसाला हा फरक मोठा आहे, काका.

काका : हे बरोबर आहे. हे मी मानतो.

मग काकांनी बागेतल्या औषधांसाठी आणलेला उंच मापाचा ग्लास मागवला आणि उघड्या अंगणात, चुलीपासून लांब, सगळ्यांच्या विड्या विझवायला लावून पेट्रोलमध्ये इथेनॉल किती आहे ते बघायची एक चाचणी करून दाखवली. ९० मिली पेट्रोलमध्ये १० मिली पाणी घालायचं, झाकण लावून हलवायचं, मग स्थिर ठेवायचं. पेट्रोलमधलं इथेनॉल पाण्यात उतरतं आणि खालचा पाण्याचा थर वाढतो. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असेल तर खालचा थर २८ मिलीच्या आसपास दिसतो. मेस्त्रींच्या पोरानं हे तीनदा करून पाहिलं. जे त्याला पंपावर कुणी सांगितलं नव्हतं, ते त्याला ग्लासात दिसलं.

पुढचा वाद खरा तापला तो टाकी भरून ठेवायची की रिकामी, यावर.

काका : भरून ठेवायची. काठोकाठ नाही, बोटभर जागा सोडून, कारण उन्हानं पेट्रोल फुगतं. टाकीत हवा जितकी कमी, तितकी ओल कमी आणि पत्र्याला गंज कमी. पेट्रोल ताजं भरायचं आणि त्यात आधीच स्टॅबिलायझर घालायचं. ते डिंक होणं लांबवतं. पाणी काढत नाही, आणि बिघडलेलं पेट्रोल सुधारतही नाही, हे लक्षात ठेवायचं. मग दहा-पंधरा मिनिटं गाडी फिरवायची, म्हणजे औषध घातलेलं पेट्रोल कार्बोरेटरपर्यंत पोचतं.

मेस्त्री : पेट्रोल शंभराच्या वर. अकरा लिटरची टाकी भरायची तर अकराशेहून जास्त रुपये नुसते झोपवायचे? चाकरमानी तर जाताना रिझर्व्हवर आणून ठेवतो. शिवाय पडवीच्या शेजारी चूल. पाइप उंदरानं कुरतडला तर? भरलेली टाकी घरात ठेवायला माझा जीव होत नाही. मी म्हणतो, रिकामी करा.

काका : कोकणातल्या पावसाळ्यात रिकामी पत्र्याची टाकी? आठवड्याभरात आतून तांबडी होईल.

मेस्त्री : नुसती रिकामी नव्हे. पेट्रोल काढायचं, पाव लिटर इंजिन ऑइल आत घालायचं, टाकी गाडीवरून उतरवून सगळ्या अंगांनी फिरवायची, उरलेलं ऑइल ओतून घ्यायचं, झाकणावर प्लास्टिक बांधायचं. आतून तेलाचा हात बसतो. उठवताना थोड्या पेट्रोलनं खंगाळून घेतली की झालं. माझ्या मेव्हण्याची गाडी तीन वर्षं अशीच ठेवतो.

काका : कार्बोरेटरऐवजी इंजेक्शनची गाडी असेल तर?

मेस्त्री : तिथे तुमचं बरोबर. पंप टाकीच्या आत असतो, टाकी उतरवणं चाकरमान्याच्या हातचं काम नाही.

मला या भांडणात दोघांचीही बाजू जागेवर बसलेली दिसली. २०२० च्या एप्रिलपासून बीएस-६ हे धुराचे नियम आले आणि बहुतेक मोटरसायकली इंजेक्शनच्या झाल्या. त्यांच्या टाकीची वाफ कॅनिस्टरमध्ये जाते, पूर्वीसारखी मोकळी हवा आत-बाहेर होत नाही. पंप पेट्रोलात बुडालेला राहिलेला बरा. अशी गाडी दोन-तीन महिने ठेवायची तर ताजं पेट्रोल भरून, स्टॅबिलायझर घालून आणि बॅटरीची वायर सोडून ठेवावी. मात्र तिच्या तळाला थर बसला तर तो थेट पंपाभोवतीच बसतो आणि पंपाचा खर्च कार्बोरेटर साफ करण्याच्या कितीतरी पट, म्हणून झाकणाचं भोक तिथेही तपासलंच पाहिजे. जुनी कार्बोरेटरची गाडी सहा महिने ठेवायची असेल, घरात चूल जवळ असेल आणि खिसा जपायचा असेल, तर मेस्त्रींचा तेलाचा उपाय मी निवडेन. वाईट पर्याय एकच: तळाला दोन लिटर शिळं पेट्रोल आणि वर ओली हवा. नेमकी हीच स्थिती घरोघरी असते.

कार्बोरेटरच्या बाबतीत दोघांचं लगेच जुळलं. वाटीत राहिलेलं पेट्रोल सर्वात आधी बिघडतं, कारण ते असतं चमचा-दोन चमचे. उडून गेलं की सगळा चिकटा जेटमध्ये. वाटीच्या तळाला ड्रेन स्क्रू असतो. कॉक बंद करायचा, नळीखाली भांडं धरायचं, स्क्रू सैल करायचा, वाटी रिकामी झाली की पुन्हा आवळायचा. नुसता कॉक बंद करून इंजिन बंद पडेपर्यंत चालवलं तरी बरंच पेट्रोल जातं, पण तळाला थोडं उरतं. स्क्रू सोडला की तेही जातं. पाच मिनिटांचं काम, खर्च शून्य. मी तिथे जमलेल्या तरुणांना विचारलं, हा स्क्रू कुठे असतो? एकालाही माहीत नव्हतं.

काका : आणि ती दर रविवारी गाडी सुरू करायची पद्धत?

मेस्त्री : ती बंद करायला सांगा. आई शेजारच्या पोराला हाक मारते, पोरगा किक मारतो, दोन मिनिटं घुर्र घुर्र आणि बंद. आईला वाटतं गाडीची काळजी घेतली.

काका : दोन मिनिटांत इंजिन तापत नाही. जळण्यातून तयार झालेलं पाणी सायलेन्सरमध्ये आणि ऑइलमध्ये राहतं. सेल्फ मारला तर बॅटरीतून गेलेलं परत भरतही नाही. चालवायची तर दहा-पंधरा किलोमीटर चालवावी, नाहीतर हात लावू नये.

आता ज्या प्रश्नावर दोघांचं शेवटपर्यंत पटलं नाही, तो प्रश्न. हा सगळा व्याप कुणी करायचा?

काका म्हणाले, मालकानं. रबर बदला. नव्या गाड्या २०२३ च्या एप्रिलपासून ई-२० ला, म्हणजे २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला, चालणाऱ्या मटेरियलच्या येतात, जुन्या गाडीसाठी पाइप, नीडल आणि ओ-रिंग व्हिटॉनसारख्या चांगल्या रबराच्या घ्या. एकदाच काही शे रुपयांचा खर्च. पेट्रोलियम मंत्रालयानंही २०२५ च्या ऑगस्टमध्ये सांगितलं आहे की काही जुन्या गाड्यांत वीस-तीस हजार किलोमीटर वापरानंतर रबराचे काही भाग बदलावे लागू शकतात.

मेस्त्री : वीस-तीस हजार किलोमीटर! काका, ह्या दारातली एकही गाडी तेवढं चालायला वीस वर्षं घेईल. आणि पाइप फुगलाय तो आत्ता. सरकारनं किलोमीटर मोजले. माझ्याकडच्या गाडीचं दुखणं किलोमीटरचं नाही, महिन्यांचं आहे. रोज चालणाऱ्या गाडीत पेट्रोल आठ दिवसांत संपतं, त्याला बिघडायला वेळच मिळत नाही. माझ्या गिऱ्हाइकाच्या टाकीत तेच पेट्रोल नव्वद दिवस, शंभर दिवस, तेही पावसात.

काका बराच वेळ बोलले नाहीत. माझ्या मते या वादातला हा कळीचा मुद्दा मेस्त्रींनी काढला. गाडी चाचणीला लावतात तेव्हा ती चालवतात. किती पळाली, किती धूर सोडला, कुठला भाग किती झिजला हे बघतात. ते योग्यच. पण जिथे गाडी वर्षातले दहा महिने उभी असते, तिथली काळजी किलोमीटरच्या आकड्यात सापडत नाही. आपल्याकडे अशा गाड्या थोड्या नाहीत: चाकरमान्यांच्या, सैन्यात गेलेल्या पोरांच्या, आखातात कामाला गेलेल्यांच्या, थोरल्या भावानं धाकट्यासाठी राखून ठेवलेल्या.

काका : मग तुमचं म्हणणं काय, इथेनॉल बंद करा?

मेस्त्री : मी तसं म्हणत नाही. बहिणीच्या घरचा ऊस मला दिसत नाही का? मी म्हणतो, जुन्या गाडीवाल्याला कमी इथेनॉलचं पेट्रोल मागितल्यावर मिळावं. नसेल देत तर निदान सांगावं. पंपावर दर मोठ्या आकड्यात लिहितात, तसं वीस टक्के हेही लिहावं आणि खाली मराठीत लिहावं: गाडी महिन्याहून जास्त उभी ठेवणार असाल तर असं असं करा. माझ्या बघण्यात तरी असा बोर्ड कुठे नाही.

काका : दोन तऱ्हेचं पेट्रोल ठेवायचं तर दोन टाक्या, दोन टँकर. साखरप्यासारख्या ठिकाणी कोण ठेवील? इथेनॉलविरहित पेट्रोलचा पर्याय मागणारी याचिका सर्वोच्च न्यायालयानं २०२५ च्या सप्टेंबरात फेटाळली, हेही तुम्ही वाचलं असेल. इथेनॉल नको म्हणून लोक मोठ्या शहरात शंभर ऑक्टेनचं पेट्रोल शोधत फिरतात, तेही प्रत्येकाला परवडणारं नाही. बोर्डाचं मात्र बरोबर आहे. त्याला टाकी लागत नाही.

दुसरं पेट्रोल ठेवण्याबद्दल मी मेस्त्रींच्या बाजूचा आहे, अगदी प्रत्येक पंपावर नको, पण तालुक्याला एका ठिकाणी तरी. ज्याला निवड दिली नाही त्याच्यावर काळजीचा सगळा भार टाकणं मला न्यायाचं वाटत नाही. काकांना हे पटलं नाही. गाडी ज्याची, जपणूक त्याची, असं ते म्हणत राहिले आणि त्यांच्या पिढीनं सायकलसुद्धा तेल देऊन ठेवली हेही खरं आहे.

शेवटी मी उठवण्याची रीत विचारली, कारण गणपती जवळ आलेले असताना लोकांना हवी असते तीच. मेस्त्रींचं उत्तर ठाम होतं: घरी पोचल्या पोचल्या किक मारू नका. आधी झाकणाजवळचं भोक आणि खोबण कोरडी करा. मग कॉकचा पाइप काढून तळाचं पेट्रोल काचेच्या बाटलीत घ्या आणि उजेडात धरा. गढूळ दिसलं, किंवा दोन थर दिसले, तर टाकी पूर्ण रिकामी करायची. ताजं पेट्रोल वर ओतून ते सुधारत नाही. रंग गडद आणि वास आंबूस, पण थर नसेल, तर ते काढून रोजच्या चालत्या गाडीत थोडं थोडं, भरपूर ताज्या पेट्रोलात मिसळून संपवता येतं. ताजं पेट्रोल घातल्यावर वाटीचा स्क्रू सोडून एकदा वाहू द्या, मगच किक. इंजेक्शनच्या गाडीत आधी बॅटरी पुरती चार्ज करा; पेट्रोल गढूळ असल्याचा संशय असेल तर चावी फिरवण्याआधी गॅरेजला न्या, म्हणजे पंप ते पाणी पुढे ढकलणार नाही.

काका : आणि काढलेलं खराब पेट्रोल?

मेस्त्री : ओढ्यात नाही, परड्यातही नाही, खाली सगळ्यांच्या विहिरी आहेत. माझ्याकडे पत्र्याच्या डब्यात आणून द्या, मी उघड्यावर चेन आणि सुटे भाग धुवायला वापरतो. कोल्ड्रिंकच्या बाटलीत भरून घरात ठेवू नका, पोरं पाणी समजून तोंडाला लावतात. आणि चूल पेटवायला कुणी मागितलं तर जवळचा असला तरी द्यायचं नाही. भडका एकदम येतो, मागे सरायला वेळ देत नाही.